कात्री कोणाच्या हाती?
गोधडी, टेबल रनर आणि सौंदर्याचा प्रश्न

मराठी ललित लेखनाला गोधडी काही नवी नाही. आजीच्या मऊ लुगड्याची, मायेच्या उबेची, बालपणाच्या वासाची गोधडी आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. ती ऊब खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. पण त्या लेखनात थंडी कुठेच नसते. गोधडी का शिवावी लागली, तिच्यात कोणाची लुगडी गेली, ती लुगडी शिवणारीच्या घरात कोणत्या वाटेने आली, हे प्रश्न तेथे पडत नाहीत. ज्यांच्या घरी पेटीत रजई होती त्यांनी गोधडीचे वाङ्मय लिहिले. ज्यांच्या घरी गोधडी हेच अंथरूण, तेच पांघरूण आणि पावसाळ्यात तोच दाराचा पडदा होता, त्यांच्याकडे लेखणी फार उशिरा आली. अंथरूण पाहून पाय पसरावेत अशी म्हण आपल्या भाषेत आहे. अंथरूण कोणी आखडले, हे विचारणारी म्हण मी ऐकलेली नाही.

मला येथे एका वस्तूची समीक्षा करायची आहे. ती वस्तू म्हणजे टेबल रनर. जेवणाच्या टेबलावर मधोमध अंथरायची, कापडाचे चौकोन जोडून शिवलेली लांबट पट्टी. आमच्या घरात टेबल नाही. पण गेली दोन वर्षे आमच्या घरात असे रनर शिवले जात आहेत, आणि त्यांच्याकडे पाहता पाहता गोधडीविषयीचे माझे स्वतःचेच काही समज मला उसवावे लागले आहेत.

घर रबाळ्याला आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या या पट्ट्यात पूर्वी आगरी-कोळ्यांची भातखाचरे होती. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे ठाणे खाडीच्या या अंगाला कारखान्यांची वसाहत उभी राहिली. १९७० साली सिडको आली आणि नव्या शहरासाठी गावोगावच्या जमिनी घेतल्या गेल्या. १९७२च्या दुष्काळाने मराठवाड्यातून जी माणसे मुंबईच्या दिशेने ढकलली त्यांत माझी आजी होती. पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणीत तिने खडी फोडली. माझी आई त्या खाणीच्या कडेला वाढली. मी घरातली पहिली पदवीधर. आज एका महाविद्यालयात मराठी शिकवते. २००४ साली रबाळ्याला रेल्वे स्थानक झाले. कारखान्यातला कंत्राटी कामगार आणि संगणकाच्या कंपनीतली मुलगी आता एकाच गाडीतून उतरतात व दोन दिशांना जातात. आमच्या वस्तीत शहरातून काम येते आणि शिवून झाले की शहराकडे परत जाते.

ते काम असे असते. कंत्राटदाराचा माणूस गठ्ठा आणून टाकतो. त्यात पाच इंची चौकोन, यंत्रावर नेमके कापलेले, रंगांचा क्रम आधीच लावून दिलेले. परदेशात हौसेने शिवणाऱ्या बायकांसाठी असे तयार गठ्ठे दुकानात मिळतात, त्यांना 'चार्म पॅक' म्हणतात. तिकडची हौसेची सोय इकडे मजुरीची रीत झाली आहे. एका रनरला छत्तीस चौकोन लागतात, म्हणजे बारा-बाराच्या तीन ओळी. दोन चौकोनांच्या सुलट बाजू समोरासमोर धरून काठापासून पाव इंचावर शिवण घालायची. ओळ पुरी झाली की तिच्या शिवणी इस्त्रीने एका अंगाला वळवायच्या, शेजारच्या ओळीच्या विरुद्ध अंगाला. म्हणजे ओळी जोडताना सांधे एकमेकांत बसतात, जाड गाठ येत नाही. मग खाली अस्तर, मधे पातळ वाडिंग, वर ही जोडलेली पट्टी, असे तीन थर टाचून सरळ रेघांनी शिवायचे आणि कडेने गोट लावायचा. हाती येते ती ५४ इंच लांब आणि साडेतेरा इंच रुंद वस्तू. पाच इंचांचा चौकोन शिवल्यावर साडेचार इंचांचा उरतो. हिशेब केला तर प्रत्येक चौकोनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा शिवणीच्या आत जातो. तो दिसत नाही, पण सारी पट्टी त्याच्याच जोरावर धरलेली असते.

या कामात कौशल्य नाही असे कोणी समजू नये. पाव इंचात दोऱ्याएवढी चूक झाली तर बाराव्या चौकोनापर्यंत ती बोटभर होते आणि तिन्ही ओळी एकमेकींशी जुळेनाशा होतात. आईच्या ओळी जुळतात. मी तिला एकदा विचारले, "आई, वाकळीपेक्षा हे सोपं का गं?" ती म्हणाली, "सोपं हाय. डोकं लावायचं न्हाई. म्हणून तर जीव कट्टाळतो."

तिच्या या बोलण्यावर मी बरेच दिवस विचार करत राहिले. वाकळ शिवताना पहिले काम मांडण्याचे असते. सुई नंतर येते. जुने लुगडे झटकायचे, उजेडासमोर धरायचे, कुठे विरले आहे ते पाहायचे. विरलेला भाग आतल्या थरात जातो. धड भाग वर येतो. पदराचा जाड काठ कडेला लागतो, कारण वाकळ आधी कडेने झिजते. एक तुकडा अपुरा पडला तर दुसरा तिरका लावायचा. मग बाहेरच्या कडेने धावदोरा सुरू करून चौकटीच्या आत चौकट घालीत मध्यापर्यंत यायचे. येथे प्रत्येक तुकडा शिवणारीला प्रश्न विचारतो आणि ती त्याचे उत्तर देते. वाकळीचा घाट म्हणजे या शेकडो उत्तरांची बेरीज. आपल्या साहित्यावर पहिल्यापासून आक्षेप घेतला गेला की त्यात आक्रोश आहे, घाट नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी घाट म्हणजे आधी कापून ठेवलेले चौकोन समजले होते.

रनरच्या कामात ही उत्तरे देण्याचा हक्क काढून घेतलेला आहे. कोणता रंग कोणाशेजारी बसेल हे दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या कुठल्या तरी टेबलाशी बसून ठरवले. आईकडे उरले ते हात. जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या निबंधात मांडले. त्या विभागणीचे बारीक रूप आमच्या घरातल्या गठ्ठ्यात आहे. ठरवणारे एका बाजूला आणि शिवणारे दुसऱ्या बाजूला, ही वाटणी कारखान्याने शोधून काढली असे आपण मानतो. या देशात ती कारखान्याच्या फार आधीपासून आहे.

येथपर्यंतचा युक्तिवाद माझ्या सोयीचा होता. वाकळ म्हणजे स्वातंत्र्य, रनर म्हणजे दास्य असे समीकरण मांडून मी लेख संपवला असता तर तो कोणालाही पटला असता. माझ्या आईनेच तो मोडला.

झाले असे. १४ एप्रिलच्या निमित्ताने महाविद्यालयात प्रदर्शन भरवायचे होते. आजीची वाकळ अजून आमच्या घरात आहे. वरचे थर अनेकदा बदलले, आतले जुनेच. ती मागून आणावी, भिंतीवर टांगावी, खाली चिठ्ठी लावावी, 'दलित स्त्रीची सर्जनशीलता', असे मी ठरवले. आई म्हणाली, "वाकळ भिताडाला टांगायची असती व्हय? आन् रातीला पोरानं काय पांघरायचं?" माझ्या भावाचा मुलगा तीच पांघरून झोपतो. मला राग आला. ही आपलीच संस्कृती, आणि आईला तिची किंमत नाही, असे मी मनात म्हटले.

त्याच आठवड्यात वर्गात मी अ‍ॅलिस वॉकर यांची १९७३ सालची 'एव्हरीडे यूज' ही कथा शिकवत होते. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका कृष्णवर्णीय घरात शिकलेली मुलगी डी माहेरी येते. घरातल्या गोधड्या तिला भिंतीवर लावायला हव्या आहेत. धाकटी मॅगी त्या रोज वापरून फाडून टाकील, अशी तिला भीती आहे. आई त्या गोधड्या मॅगीला देते, कारण मॅगीला गोधडी शिवता येते. फाटली तर ती दुसरी शिवेल. मी वर्गात डीला नावे ठेवली. विद्यार्थ्यांनीही ठेवली. संध्याकाळी रबाळ्याला उतरून घरी चालत जाताना माझ्या लक्षात आले की मी डी आहे. पहिल्या पिढीतल्या पदवीधराला ही कथा टाळता येत नाही. शिक्षणाने आपल्याला घराकडे पाहायला शिकवले आणि पाहता पाहता आपण घराचे संग्रहालय करू लागलो.

मी वाकळीचा विषय सोडून दिला. तेव्हा आईने तो आपणहून काढला. ती म्हणाली, "तुला त्यात लुगडी दिसत्यात. त्यात आधी काय व्हतं ते ठावं हाय का? मढ्यावरचं कापड."

महारकीच्या हक्कांत मढ्यावरचे कापड हा एक हक्क होता. ज्याला हक्क म्हटले तो खरे तर दंडक होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेताची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत खावे असे सांगितले आहे. त्या ग्रंथाचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाले. पण गावगाड्याची रीत त्या ज्वाळांनी एका दिवसात संपली नाही. आजीच्या सासूने गावातल्या मढ्यांवरचे मांजरपाट जपून ठेवले आणि वाकळीच्या आतल्या थराला घातले. त्यात तिचा दोष काय? थंडी होती, कापड होते. सौंदर्यशास्त्राने त्या थराला काय म्हणावे? तोही तिने निवडून, विरलेले-धड पाहूनच लावला असेल. म्हणजे माझ्या व्याख्येप्रमाणे तीही कला. पण ज्या कापडाची निवड करायची, ते कापडच तिच्यावर लादलेले होते. लादलेल्यातून केलेल्या निवडीला मी बिनदिक्कत स्वातंत्र्य म्हणत होते.

पुढचे आईने आजीकडून ऐकलेले. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला दीक्षा झाली. तिचे लोण आजीच्या गावी पोचले तेव्हा आजी नवी नवरी होती. महारकी सुटली, मढ्यावरचे कापड घेणे बंद झाले. मग एके दिवशी सासू-सुना अंगणात बसल्या आणि त्यांनी वाकळ उसवली. आतले पांढरे काढून जाळले. थर पातळ झाला म्हणून आजीने मजुरीच्या पैशांतून बाजारातून कोरे कापड आणले, ते आत घातले आणि पुन्हा साऱ्या चौकटी टाके घालून घेतल्या. त्या वाकळीतला तो एकच तुकडा विकत घेतलेला. तो बाहेरून दिसत नाही.

मी भिंतीवर टांगणार होते त्या वस्तूचा खरा आशय तिच्या पोटात होता, आणि माझ्या चिठ्ठीत तो आला नसता. शिवण्याइतकेच उसवणे हेही सर्जन आहे, हे मला तेव्हा कळले. विद्रोह हा शब्द आपण कवितेच्या संदर्भात फार वापरला. अंगणात बसून जुने टाके काढणाऱ्या दोन बायका त्या शब्दाच्या कक्षेत आपण आणल्या नाहीत. महाडच्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण सांगणारी वस्त्रे-दागिने टाकायला, लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला, फाटके असले तरी स्वच्छ नेसायला सांगितले होते. वस्त्राचा प्रश्न त्यांनी फुटकळ मानला नाही.

येथे कोणी विचारील की बौद्ध परंपरेत तर चिंध्यांचा गौरव आहे, त्याचे काय? प्रश्न योग्य आहे. उकिरड्यावर, स्मशानात टाकलेली वस्त्रे गोळा करून, धुऊन, जोडून केलेले ते पंसुकूल चीवर. विनयपिटकात अशी कथा आहे की मगधातली बांधांनी विभागलेली शेते दाखवून भगवंतांनी आनंदाला विचारले, अशा आखणीची चीवरे करता येतील का? आनंदाने तशी कापून, जोडून दाखवली. ती आखणी भिक्षूंच्या चीवरावर आजही दिसते. आमच्या रबाळ्याची भातखाचरे कारखान्यांखाली गेली, पण खाचरांची ती आखणी चीवरात टिकून आहे. प्रेताचे वस्त्र मनुस्मृतीत आहे आणि विनयातही आहे. चिंधी तीच आहे. फरक असा की भिक्षूवर ती कोणी लादली नव्हती. जीवक वैद्याने उंची वस्त्र अर्पण केले, तेव्हा ज्याला हवे त्याने पंसुकूल वापरावे, ज्याला हवे त्याने गृहस्थांनी दिलेले वापरावे, अशी मोकळीक भगवंतांनी दिली. ज्याने राजवाडा सोडला त्याची चिंधी आणि ज्याला गावकुसाबाहेर ठेवले त्याची चिंधी यांना एकाच मापाने मोजणारे अध्यात्म आपल्याला नको.

ही कसोटी घेऊन आपण थोडे बाहेर पाहू. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची 'कवंद' शिवतात. आपल्या वाकळीसारखीच तीही कडेकडून आत शिवत जातात आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची 'फुला' लावतात. फुलाशिवाय कवंद पुरी झाली असे त्या मानत नाहीत. फुलाने ऊब वाढत नाही. गरजेपलीकडे जाऊन, केवळ आपल्याला हवे म्हणून लावलेले ते चार तुकडे आहेत.

समुद्रापलीकडे, अलाबामातल्या जीज बेंड या नदीच्या वळणावरच्या वस्तीत, गुलामांच्याच वंशातल्या बायकांनी अशाच गोधड्या केल्या. १९४२ साली मिसूरी पेटवे या बाईने आपल्या मृत नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. मेलेल्याचे कापड येथेही आहे. पण ते तिच्या माणसाचे आहे आणि ते पांघरायचे तिने ठरवले आहे. नागरी हक्कांच्या लढ्यात, १९६६ साली, त्या भागात 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही बायकांची सहकारी संस्था निघाली. मतदार म्हणून नाव नोंदवल्याबद्दल ज्यांना जमीनमालकांनी हुसकले, अशा घरांना तिने रोजगार दिला. पुढे १९७२ साली एका मोठ्या व्यापारी कंपनीने तिला उशांच्या कॉर्डुरॉय अभ्र्यांचे काम दिले. एकसारखे माप, एकसारखी शिवण, आमच्या गठ्ठ्यासारखेच. आणि त्या कामातून उरलेल्या कॉर्डुरॉयच्या तुकड्यांतून बायकांनी घरी आपल्या मर्जीच्या गोधड्या शिवल्या. २००२ साली त्या वस्तीच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, २००६ साली टपाल तिकिटांवर आल्या. २००७ साली काही जणींना आपल्या वाट्यासाठी न्यायालयात जावे लागले. ते दावे पुढच्या वर्षी तडजोडीने मिटले. भिंतीवर जागा मिळाली म्हणजे न्याय मिळाला असे होत नाही, हे त्यांनी आपल्या आधी अनुभवले.

आता आपल्याकडचे दोन आक्षेप. कार्यकर्ते म्हणतील, भाकरीचा प्रश्न असताना गोधडीची चर्चा कशाला? त्यांना माझे सांगणे की रनर हा आमच्या घरात भाकरीचाच प्रश्न आहे. त्यातून येणाऱ्या पैशांत गॅसचे सिलिंडर येते. तो बंद पडावा असे मी म्हणणार नाही. जीव कंटाळतो म्हणणारी आईही तसे म्हणत नाही. दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. तंजावर, पैठण, दासोपंतांची पासोडी ही वस्त्रकला आणि वाङ्मय खरे. गोधडी ही घरगुती गरज. दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पट्टीवर पंचीकरण लिहिले म्हणून ती पासोडी वाङ्मयाच्या इतिहासात गेली, याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या हातांना अक्षर नाकारले होते त्या हातांनी कापडावर काय मांडले, याचा इतिहास कोणी लिहायचा? शरद पाटलांनी १९८८ साली अब्राह्मणी साहित्याच्या सौंदर्यशास्त्राचा प्रश्न उभा केला. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची मांडणी केली. ती चर्चा शब्दांपाशी थांबू नये, एवढेच माझे मागणे आहे.

त्या चर्चेत मी एक साधी कसोटी ठेवते. श्रमाच्या कोणत्याही वस्तूपुढे उभे राहून तीन गोष्टी विचाराव्यात. कापड कोठून आले? ते कोणी कापले? आणि नको असलेला तुकडा काढून टाकण्याची मोकळीक शिवणारीला होती का? या कसोटीवर पणजीची वाकळ दुसऱ्या प्रश्नाला उतरते, पहिल्या आणि तिसऱ्याला उतरत नाही. आईचा रनर तिन्हींना उतरत नाही, पण त्याची मजुरी मिळते आणि मढ्यावरचे कापड त्यात नाही. ही प्रगती क्षुल्लक मानणारा माणूस थंडीत झोपलेला नसावा. आजीने उसवून पुन्हा शिवलेली वाकळ तिन्ही प्रश्नांना उतरते. म्हणून ती माझ्या लेखी श्रेष्ठ कलाकृती आहे. तिच्यातल्या चिंध्यांच्या प्राचीनतेवर माझे हे मत अवलंबून नाही.

वस्तीतल्या बचत गटाच्या बायकांशी मी बोलले आहे. एखादे तरी काम असे घ्यावे की ज्यात कापड ठोक आणायचे, कापायचे आपण, रंग लावायचे आपण, आणि किंमतही आपण ठरवायची. कापताना चूक झाली तर नुकसान कोणाचे, असा प्रश्न एकीने विचारला. खरा प्रश्न आहे. निर्णयाबरोबर तोटाही येतो. गटाच्या पैशांतून पहिला तोटा भरायचा का, यावर अजून वाद चालू आहे. सहकाराची सारी अडचण त्या वादात आहे; ती सोडवल्याशिवाय माझ्या कसोटीला कागदापलीकडे किंमत नाही, हे मला मान्य आहे.

दरम्यान एक गोष्ट घडली, ती नोंदवून थांबते. कंत्राटदाराच्या माणसाने डाग पडलेले काही चौकोन नापास म्हणून आईकडेच टाकले. शेजारी बाळंतपण झाले होते. आईने ते चौकोन धुतले, उजेडासमोर धरले आणि बराच वेळ नुसती पाहत बसली. मग तिने कात्री घेतली आणि डाग तेवढा वगळून एकेक चौकोन तिरपा कापला. दोन वर्षांत मी तिला चौकोन कापताना पहिल्यांदाच पाहिले. त्याचे दुपटे झाले. त्याच्या ओळी सरळ नाहीत. मी फोटो काढायला मोबाईल काढला, तर ती म्हणाली, "आधी बाळाला गुंडाळू दे."